उम्म सलालच्या वाटेवरचा डबा

इंग्लंडहून शिकून आले ना, तेव्हा दोहातल्या पोरांना मॉलमधून बाहेर काढायचं मला वेडच लागलं होतं. तिकडे इंग्लंडात माळरानावर डब्यात वही आणि शिक्का लपवतात. पोरं चालत जाऊन तो शोधतात, नाव लिहितात, शिक्का मारतात. आठवडाभर हिंडून दोहाबाहेर उम्म सलाल गावाच्या पुढे मी एक पायवाट निवडली. उंटांच्या काफिल्यांचीच असणार, अशी माझी खात्री. तिथे दगडाखाली डबा ठेवून आले.

शुक्रवारी, इथल्या साप्ताहिक सुट्टीला, बहिणीच्या पोरांना नेलं. डबा सापडला, पण भाची म्हणाली, "मावशी, इट्स ऑलरेडी फुल!"

वहीत चाळीसेक नावं. येण्याची वेळ, जाण्याची वेळ, सही आणि प्रत्येकापुढे माझा मोराचा शिक्का.

तेवढ्यात त्याच वाटेनं हेल्मेट घातलेला एकजण आला. साताऱ्याचा निघाला. वाट त्यांच्या लेबर कॅम्पवरून बांधकामाच्या साइटवर जाणारी होती.

"दादा, हा पोरांचा खेळ आहे. तुम्ही सह्या कशाला केल्यात?"

"वही आणि शिक्का दिसल्यावर सही नको करायला? हजेरी बुडली म्हणजे?"

मी त्याला निसर्ग, मोकळेपणा, सगळं तळमळीनं समजावलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"ते बरोबर आहे, मॅडम. पण आज शुक्रवार असून सही केलीय. बदली रजा कधी देताय?"