मुळं हलवायची नाहीत

...नाही, म्हणजे लोक उलट मलाच विचारतात, आप्पा, अहो एका फुलझाडासाठी एवढं काय? आता ह्यांना काय सांगायचं? तुम्ही बसा जरा, तुम्हाला सांगतो. घाईत नाही ना? मी तर नाहीच नाही. चौतीस वर्षं एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात शिफ्टा केल्या, घाई सगळी तिथेच संपली.

तर झालं काय, आमची मोहिनी, मुलगी, अमेरिकेत असते, ती मागच्या दिवाळीला आली आणि जाताना माझ्या हातात एक पुडी ठेवून गेली. कोनफ्लॉवर म्हणून तिकडचं फुलझाड, त्याचं बी. म्हणाली, "बाबा, तिकडे माझ्या दारात आहे हे, तुम्ही इथे लावा. दोघांच्या दारात एकच झाड." मी म्हटलं लावू, त्यात काय, नाशिकच्या मातीत द्राक्षं येतात, हे न यायला काय झालं? तर म्हणे तसं नाही, आधी बियांना महिनाभर थंडी दाखवावी लागते. ओल्या रुमालात गुंडाळून फ्रिजमध्ये. अहो, पण थंडी बघायची तर डिसेंबरात नाशकातच बघ की, आम्ही कानटोपी घालून दूध आणायला जातो. पण नाही, फ्रिजच पाहिजे. आणि शेवटचं म्हणजे, "बाबा, एकदा लावलं की लावलं. त्याची मुळं खोल जातात. मुळं हलवायची नाहीत."

बरं, रुमाल डब्यात घालून ठेवलं फ्रिजमध्ये. आमच्याकडे लंकाबाई येतात कामाला, माहेर सायखेड्याचं, घरची झेंडू-शेवंतीची शेती, त्यामुळे फुलाच्या बाबतीत त्यांना कुणी शिकवायचं नाही. त्यांनी डबा उघडला. "आप्पा, ही मटकी लय जुनी दिसती, मोड बी येईना, टाकू का?" मी उठेस्तोवर रुमाल मोरीत. मोरीतून एकेक बी वेचलं, चष्मा लावून, पाट मांडून. बत्तीस सापडली. उगवली सात. जगलं एक.

आता ते एक मी कुंडीतून अंगणात नळाशी लावलं. तर तिथे पाणी साचतं, पानं पिवळी. म्हणून काढून भिंतीशी लावलं. तिथे दुपारचं ऊन म्हणजे बॉयलरसमोर उभं राहिल्यासारखं, पानांनी माना टाकल्या. म्हणून काढून तुळशीच्या मागे. आणि दर वेळी मोहिनीचं तेच, "बाबा, सांगितलं होतं ना, मुळं हलवायची नाहीत." अहो, माहीत आहे मला. पण जागा चुकली तर माणसाने काय करायचं?

इथे एक गोष्ट तुम्हाला सांगतो, बाहेर बोलू नका. पूर्वी तिचा फोन यायचा तो सरिताला. सरिता म्हणजे माझी बायको. तासतासभर बोलायच्या दोघी, मी मागून "बरी आहेस ना गं" एवढं ओरडायचो, संपलं माझं काम. मोहिनी लहान होती तेव्हा मी नाइट करून दिवसा झोपायचो, आणि सरिता तिला दटावायची, "हळू, बाबांना उठवू नको." तर पोरीने नाही उठवलं कधी. आता सरिता जाऊन तीन वर्षं झाली, आणि रविवारी सकाळी साडेआठला फोन येतो तो मला. "जेवलात का, गोळी घेतली का, बरं बाबा, ठेवू?" चार मिनिटं. मोबाइलवर दिसतं की. बोलायचं कशावर, दोघांनाही कळायचं नाही. वाईट वाटायचं हो.

पण झाड आल्यापासून बघा तुम्ही. "बाबा, पान दाखवा. उलटं करून दाखवा. माती दाबून बघितलीत का?" पंचवीस मिनिटं, तीस मिनिटं... मी शनिवारीच प्रश्न लिहून ठेवायचो.

मग यंदा चैत्रात दांडा आला. एकच, सरळ, टोकाला हिरवी बोंडी. मी रोज बघतोय. आणि एका सकाळी बघतो तर टोक गायब. "लंकाबाई!" तर त्या शांतपणे भांडी घासत, "खुडलं की मी. शेंडा खुडल्याबिगर फुटवा कसा व्हायचा? झेंडूचं नाय का खुडत आपण?" अहो, ते झेंडू आहे का? पण त्यांच्या घरात सात पिढ्या शेंडे खुडतायत, त्यांचा हात थांबेल कसा? मी त्यांच्याशी दोन दिवस बोललो नाही. आता घरात बोलायला त्या एकट्याच, म्हणजे मी दोन दिवस कुणाशीच बोललो नाही. शिक्षा कुणाला झाली ते तुम्हीच ठरवा.

मोहिनीला सांगितलं तर ती इतकी हसली, इतकी हसली... अगदी सरितासारखी, मध्येच श्वास अडकतो तशी. पन्नास मिनिटं चालला तो फोन.

आणि खुडल्या दांड्याला खालून तीन फुटवे आले हो. तीन फुलं. लंकाबाई आठवडाभर पदर खोचून मिरवत होत्या. फूल म्हणाल तर जांभळट गुलाबी, मधे काटेरी बोंड आणि पाकळ्या खाली झुकलेल्या, बॅडमिंटनचं फूल दांड्याला खोचावं तसं. लंकाबाई म्हणाल्या, "हे उमललं का सुकलं?" मी इस्त्रीचा शर्ट घातला, शेजारच्या संतोषला बोलावलं, फुलाशेजारी उभं राहून फोटो काढला, पाठवला.

उत्तर आलं, "वॉव बाबा." पुढे तीन बदाम.

रविवारी साडेआठला मी फोन घेऊन बसलो. नऊ वाजले. साडेनऊला मेसेज, "आज गडबड आहे, फूल मस्तच." त्याच्या पुढच्या रविवारी आला फोन. जेवलात का, गोळी घेतली का. मी म्हटलं, "अगं, झाडाचं..." तर म्हणे, "आता काय बाबा, आलं की फूल." चार मिनिटं. नाही, तिची चूक नाही. तिला वाटलं, काम झालं.

सोमवारी सकाळी मी खुरपं घेतलं. लंकाबाई आडव्या आल्या, "आप्पा, फुललेलं झाड कोन उपटतं? येड लागलं का?" मी म्हटलं, तुम्ही शेंडे खुडा, मला माझं करू द्या. काढलं आणि फाटकाशी लावलं. मंगळवारपर्यंत तिन्ही फुलं माना टाकून उभी. फोटो काढला, ह्या वेळी साध्या बनियनवर, आणि पाठवला.

पाच मिनिटांत फोन. मंगळवारी! "बाबा, काय केलंत हे? किती वेळा सांगितलं, मुळं हलवायची नाहीत, मुळं हलवायची नाहीत..." चाळीस मिनिटं झापलं मला. मी आपला "हो गं, चुकलंच गं" करत खुर्चीत बसून. चहा गार झाला, पण उठलो नाही.

पण झाड मेलं भारी चिवट निघालं. पंधरा दिवसांत परत तरारलं, नवी बोंडी धरलीय. आणि माझं अंगण दहा बाय बारा, नळ झाला, भिंत झाली, तुळस झाली, फाटक झालं...

तुमच्याकडे अंगणात थोडी मोकळी जागा असेल का हो?