सुनेचा कप

(पहाट. गोल्फ मैदानाचं शेवटचं ग्रीन, म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत; डाव्या अंगाला तळं. माळी गोणपाट पसरून त्यावर गुडघे टेकून बसलाय. बायको डबा घेऊन उभी.)

बायको : अहो, स्पर्धेचे साहेब स्वतःच म्हणाले ना, डावीकडे गवत विरळ झालंय, हवं तर होल उजवीकडे पाडा?

माळी : हवं तर, म्हणाले.

बायको : मग हवंय की आपल्याला. लेक दोन फटक्यांनी पुढे आहे, आज शेवटचा दिवस.

माळी : म्हणून तर पंचाईत आहे.

बायको : गेल्या वर्षी याच तळ्यात बॉल घालवून हरली. आठवडाभर अन्न गोड लागलं नाही तिला. पाणी दिसलं की हात आखडतो तिचा.

माळी : ठाऊक आहे गं. पण या स्पर्धेत शेवटच्या दिवशी होल तळ्याकाठीच असतं. पहिल्या वर्षी वादळात उजवीकडे झाड आडवं झालं, म्हणून आबांनी नाइलाजानं इथे पाडलं. जी पुढे होती तिचा बॉल गेला पाण्यात, लोकांना भारी मजा आली. तेव्हापासूनची रीत.

बायको : रीत कसली? मामंजींनीच मोडली की एकदा, तुमच्या आबांनी.

माळी : मोडली. क्लबच्या अध्यक्षांची सून पुढे होती. त्यांनी सांगितलं, आबांनी उजवीकडे पाडलं. जिंकली ती. विजेत्यांच्या फळ्यावर नाव आहे. पण लोक त्या वर्षाला काय म्हणतात?

बायको : ...सुनेचा कप.

माळी : चांगली खेळायची. तळ्याकाठीही जिंकली असती. पुन्हा इथे फिरकली नाही बिचारी. आबा जाईपर्यंत म्हणत होते, मी त्या पोरीचा कप नासवला.

बायको : लोकांचं काय, आठ दिवस बोलतील.

माळी : सुनेचं अजून बोलतायत.

बायको : जिंकली तर वर्षभर सगळ्या स्पर्धांत थेट प्रवेश. हरली तर परत क्लबात बड्यांच्या पोरांना काठी धरायला शिकवायचं. बाप आहात ना तुम्ही?

माळी : आहे म्हणून तर तिचं त्या सुनेसारखं व्हायला नको.

लेक : बाबा? आई? सकाळी सकाळी भांडताय काय?

माळी : तू इकडे येऊ नकोस. खेळाडूंना आत्ता बंदी आहे.

बायको : येऊ दे. ठकू, तूच सांग यांना. होल उजवीकडे पाडायला साहेबांची परवानगी आहे, आणि हे अडून बसलेत.

लेक : खरंच परवानगी आहे?

माळी : आहे.

लेक : मग पाडा ना, बाबा. डोळे मिटले की पाणीच दिसतं मला. आजच्या दिवस.

माळी : पाडून झालंय, बाळा.

लेक : कुठे?

माळी : हे गोणपाट उचल. डावीकडेच. तुझी आई यायच्या आधीच पाडलं.

बायको : मग मघापासून माझ्याशी वाद कशाला घालत बसलात?

माळी : तू मला वळवतेस का, बघत होतो. वळवलं असतंस तर बुजवलं असतं मी. अगदी काठावर आलो होतो.

लेक : मी हरले तर बोलणार नाही तुमच्याशी. सांगून ठेवते.

माळी : नको बोलूस. जेवायला मात्र घरी ये.