तिन्हीकडून तेल

—नाही नाही, अजेयराव, तुम्ही वाकायचं नाही. जावई माणूस, सकाळच्या विमानानं आलेले, त्यात इस्त्रीचा शर्ट — नूपुर मला फाडून खाईल. तुम्ही फक्त टॉर्च धरा. असा नाही, जरा डावीकडे — पुढच्या दोन चाकांच्या मधे तो लोखंडी भोपळा लोंबतोय ना, तिथे. तेच डिफरेन्शियल. इंजिनाचा जोर मधल्या दांड्यातून त्यात येतो आणि ते दोन्ही चाकांना वाटून देतं. साध्या गाडीला एकच असतं, ही दिसायला एवढीशी पण चारही चाकांनी ओढते, म्हणून हिला पुढेही आहे आणि मागेही. मागचं ठणठणीत आहे. पुढचं गळतंय, पावसाळ्यापासून गळतंय. बरं, तुमच्या त्या बदलीचं काय झालं? रद्द? बरं झालं, पुणं सोडून जाऊ नका कुठे.

आमच्यात काय ठरलंय ते नूपुरनं सांगितलंच असेल तुम्हाला. नाही? मग ऐका, साक्षीदार हवाच एक. तिचं म्हणणं, बाबा विसरायला लागलेत, गाडी विका, डमडमचं घर बंद करा आणि पुण्याला या, आईला एकटीला झेपत नाही. काय झेपत नाही? मी काय तांदळाचं पोतं आहे? एकदा भाजी आणायला निघालो आणि मेट्रोत बसून पार पलीकडच्या टोकापर्यंत गेलो, तर त्याचा केवढा गवगवा — माणूस फिरायला जाऊ शकत नाही? जन्म इथला माझा, नोकरी इथली, हुगळीतला गाळ काढणाऱ्या बोटीवर इंजिनियर होतो मी, खिदिरपूरच्या गोदीत आजही कुणाला विचारा प्रमोदबाबू कोण. तर मी म्हटलं, ठीक आहे, नूपुर, गॅरेजवाल्याला जी गळती सापडली नाही ती मी शोधतो. सापडली तर गाडी राहील आणि आम्हीही इथेच राहू, पुन्हा पुण्याचं नाव काढायचं नाही. नाही सापडली तर तू म्हणशील तसं. हसली, पण हो म्हणाली. हो म्हणजे हो.

आता गळती शोधायची म्हणजे काय करायचं? घाईघाईनं सील बदलत सुटायचं नाही, आधी तेल कुठून येतंय ते बघायचं — तेल मोठं लबाड असतं, गळतं एकीकडे आणि वाऱ्यानं मागे सरकून थेंब पडतो दुसरीकडे. म्हणून काल मी सगळा भाग रॉकेलनं धुतला, कोरडा पुसला आणि वर तुमच्या सासूबाईंचा, मंजुषाचा, पावडरचा अख्खा डबा उडवला. हसू नका, अंगाला लावायची साधी पावडर. तशीच गाडी घेऊन सकाळी विमानतळावर आलो तुम्हाला घ्यायला. आता पांढऱ्यावर काळा ओघळ दिसणारच, लपणार कुठे? हा बघा एक, दांडा आत शिरतो तिथला. हे तेल बोटावर घ्या — नको, मीच घेतो — वास बघा, कुजक्या गंधकाचा. म्हणजे इंजिनाचं नाही, ह्याच भोपळ्यातलं. इथलंच रबरी सील आमच्या गॅरेजवाल्या बापीनं बदललं. गळलं. पुन्हा बदललं. पुन्हा गळलं. मग मी गल्लीतल्या लोकांदेखत त्याला सुनावलं, की तू नकली माल घालतोस. इतकी वर्षं दादा दादा करणारा माणूस, आता मला बघितलं की रस्ता ओलांडतो. ओलांडू दे. टॉर्च चाकाकडे घ्या. हा दुसरा ओघळ. आणि पलीकडच्या चाकाकडे? तिथेही? नीट बघा. आहे ना?

मग विचार करा, अजेयराव, तुम्ही शिकलेले आहात. एक सील जाईल, दोन जातील, पण तिन्हीकडून एकदम तेल? असं होत नाही. सील वाईट नाहीत, आतून कुणीतरी ढकलतंय. गाडी चालली की तेल तापतं, आतली हवा फुगते, तिला बाहेर पडायला वाट नसली तर ती तेलालाच पुढे घालते. थांबा, तेल भरायचं बूच सैल करतो, तो पाना द्या — माझ्याच हातात आहे होय, बरं. आता कान द्या. ऐकलंत? फुस्स झालं ना? हा दाब. मी म्हटलं नव्हतं? अजून माणूस कामाचा आहे म्हणावं, वर जाऊन सांगा तुमच्या बायकोला. नाही, आत्ता नको, पूर्ण करू. तुमच्या त्या बदलीचं काय झालं हो? — मघाशी सांगितलंत? बरं, बरं. डोकं ह्या कामात आहे माझं.

आता हवेची वाट कुठे असते — भोपळ्याच्या डोक्यावरून एक बारीक नळी निघते, ती वर इंजिनाकडे जाते. तिला श्वास घ्यायची नळी म्हणतात. बोनेट उचला, तुमचा हात पोचेल. नळीवरनं या, या, बॅटरीच्या मागे. तिथे तोंड असेल तिचं, चिखल बसला असेल किंवा एखाद्या किड्यानं घर केलं असेल. काय आहे? कापड? कापड कसं असेल? सरका, मला बघू दे.

बूच मारलंय. वर मेणकापड, वर दोरी. म्हणजे मुद्दाम केलंय कुणीतरी. बापी — बापीलाच विचारतो आता, ह्याला म्हणतात धंदा वाढवणं, नळी बंद करायची आणि सील विकत बसायचं — टॉर्च जवळ आणा. अजून जवळ.

बोटीवर असं करायचो आम्ही. खाडीच्या तोंडाशी वादळ आलं की टाक्यांच्या हवेच्या नळ्यांना लाकडी बूच, वर कॅनव्हास, वर दोरी, म्हणजे लाटेचं पाणी आत जात नाही. वादळ सरलं की पहिलं काम ती सोडायची, आणि ज्यानं बांधली त्यानंच सोडायची, नाहीतर टाकीच फुगायची. आमच्या गल्लीत पावसाचं पाणी चाकभर चढतं. पण ही नळी मुळात एवढी वर नेलेली असते ती त्यासाठीच. इथे पाणी पोचत नाही, बुचाची गरजच नव्हती, आणि बापी गॅरेजवाला, त्याला कॅनव्हास आणि दोरी काय माहीत. — गाठ बघा ही. उलटी आहे. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते, बोटीवर लांबून ओळखायचे, ही प्रमोदबाबूंची म्हणून.

पावसाळ्यात बांधली असणार. सोडायची राहिली, एवढंच. राहते एखादी गोष्ट, तुमची राहत नाही? — थांबा. ह्याच्या आत अजून एक कापड आहे. दुसरी गाठ. तीही माझीच. म्हणजे एकदा येऊन बांधून गेलो, मग पुन्हा आलो, आणि बांधलेल्यावरच बांधलं, तरी मला... सोडायची विसरलो असतो तर आता आठवलं असतं, अजेयराव. विसरलेली गोष्ट दाखवली की माणूस कपाळावर हात मारतो, अरेच्चा म्हणतो. माझ्याकडे ही गोष्टच नाही. बोनेट उघडलं, कापड कापलं, दोरी ओढली — काहीच नाही. दुसऱ्या कुणाचा तरी हात बघितल्यासारखं वाटतंय. भीती वाटते हो.

सकाळी विमानतळावर येताना मंजुषा मागे बसून सारखी बडबडत होती. आता ते मिठाईचं दुकान येईल, आता डावीकडे देऊळ, आता उड्डाणपुलावर किती गर्दी असेल नाही. मी तिच्यावर खेकसलो, म्हटलं, जरा गप्प बस, मी काय नवखा आहे का इथे? रस्ता सांगत होती ती मला. मला कळू न देता सांगत होती. कधीपासून सांगतेय कोण जाणे. आणि मी बापीला चारचौघांत चोर ठरवलं.

हाक आली बघा वरून, चहा झाला. शर्टाला डाग नाही ना पडला? गळती थांबेल आता, सीलही कदाचित बदलावी लागणार नाहीत. शोधलं तर राहायचं असं ठरलं होतं, आणि शोधलंय मी, कुणी नाही म्हणू शकत नाही. — नूपुरला आज काही बोलू नका. मंजुषानं पुरण शिजवलंय, आजचं जेवण नीट होऊ दे. उद्या सकाळी मी स्वतः सांगेन, कापड, दोरी, गाठी, सगळं, आणि मग ती म्हणेल तसं. पण अजेयराव, उद्या मी काहीच बोललो नाही, तर सासऱ्यानं लपवलं असं समजू नका. मग तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर सांगायचं. मी नाही म्हणेन, भांडेन, तुम्हाला खोटं पाडेन, तरी सांगायचं. जा आता.