पाटावरचे आबा

शकुंतला: मंग एवढे वडे काय कावळ्याइलेच घालाचे का?

उद्धव: थांब ना वं. फोनच लावून राह्यलो. दरसाल आबाइच्या जागी पितर म्हणून निवृत्तीकाकाच बसत. त्याइच्या डोळ्याचं आपरेशन झालं म्हणे काल, बुलढाण्याले. पट्टी बांधून पडले हायेत.

शकुंतला: अन् गोपाल?

उद्धव: गोपाल सकाळपासून दोन घरी पितर होऊन जेवला. आता तिसऱ्या घरी काय बसते? उपाशी माणूस पाह्यजे. अन् पितरपक्षात या गावात उपाशी माणूस भेटते का कोठी?

सुचिता: बाबा, मी उपाशी आहे.

उद्धव: तुले देईन तुही माय वाढून. आधी आबाइचं पान.

सुचिता: आबांच्याच पानावर बसते म्हणतेय मी.

शकुंतला: घ्या. बाईमाणूस बसते ते नवमीले, सवाष्ण गेलेली असली तं तिच्या नावानं. आजोबाच्या पाटावर नात बसलेली म्या तं नाई पाह्यली.

सुचिता: मी वाचली आहे. म्हणजे नातू. जुन्या काळी चीनमध्ये मेलेल्या आजोबाच्या जागी घरातला नातूच बसवत. अंगावर आजोबाचे कपडे. अन् त्याचा सख्खा बाप त्याच्यापुढे वाकून त्याला वाढायचा.

उद्धव: बाप पोराच्या पाया पडे?

सुचिता: पोराच्या नाही, आपल्या बापाच्या. पोरगं नुसतं बसलेलं.

शकुंतला: पाय तं पोराचेच ना पण.

उद्धव: हे सांगते का तुहा तो चिनी बाबा? काय नाव त्याचं?

सुचिता: कन्फ्यूशियस. रीत त्याच्याही आधीची. त्याचं म्हणणं एवढंच, की करायचं तर ते समोर बसलेत असं मनात धरून करा. नाहीतर वाढलं काय अन् न वाढलं काय.

उद्धव: हे तं आबाही म्हणत.

शकुंतला: आबा म्हणत, वड्यात मीठ कमी हाये. अन् ही पाहा. कॉलेजात पोराइले शिकवते, आपले पितर अन् चिन्याइचे पितर शेजारी शेजारी ठेवून मोठं पुस्तक लिहून राह्यली, पण पितराचा एक वडा तळला नाई कधी. आता तायवानले जाऊन काय तळते, देव जाणे.

उद्धव: तायवानचं नाव काढू नको आज.

सुचिता: मग कधी काढू, बाबा? उद्या कळवायचंय त्यांना. एका वर्षाचा प्रश्न आहे. राहणं-जेवण, सगळं तिथल्या विद्यापीठाचं. मी केव्हाची विचारतेय. तुम्ही हो म्हणत नाही अन् नाही पण म्हणत नाही.

उद्धव: मी काय म्हणू? आबा असते तं त्याइलेच विचारलं असतं.

शकुंतला: सहा वर्सं झाले आबाइले जाऊन. पेरणी आली, आबा असते तं. बोअर माराचा होता, आबा असते तं. सोयरीक आली तरी तेच. घर कोणाचं हाये हे, तुमचं का त्याइचं?

उद्धव: माह्यानं होत नाई, शकुंतले. पोरगी एवढ्या लांब जाईन. तिथं ना कोणी वळखीचं, ना बोली आपली. काही झालं तं? आबा होते तव्हर मले भेव नोतं. काही चुकलं तं त्याइचं चुके.

सुचिता: तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी जाणार नाही, बाबा. रुसून नाही सांगत. खरंच नाही जाणार.

शकुंतला: आवो, वडे थंडे होऊन राह्यले. बसवा तिलेच. लाडाची नात होती, आबा काही रागवत नाईत.

उद्धव: लोक काय म्हणतीन?

शकुंतला: लोकाइचं जेवण झालं. घोरून राह्यले सगळे.

उद्धव: …बस मंग. अन् टोपी आण, आबाइची, पेटीतली. ही पितराले द्याले आणलेली नवी नको.

(सुचिता पाटावर बसते. टोपी तिच्या कानापर्यंत येते. उद्धव तांब्यातल्या पाण्यानं तिचे पाय धुऊ लागतो.)

शकुंतला: हासू नको वं.

सुचिता: हसत नाही, आई. गुदगुल्या होतात.

शकुंतला: अन् तुम्ही? तुम्ही काऊन रडून राह्यले?

उद्धव: पाय आबाइचेच हायेत. पाह्य ना, अंगठ्याजवळचं बोट लंबं.

शकुंतला: तुमचं काय आखूड हाये का? तसंच तं हाये.

उद्धव: जेवा आबा. खीर घ्या. कढी गरम हाये, फुंकून घ्या. औंदा वरच्या वावरातलं सोयाबीन बरं हाये. खालच्यात पाणी साचलं. अन् बोअर… तुम्ही विहिरीपाशी म्हणले होते. तुम्ही गेल्यावर म्या चिंचेपाशी मारला. सांगितलं नोतं तुमाले.

शकुंतला: मीठ बराबर हाये का, आबा?

सुचिता: कमी हाये.

शकुंतला: आले बाप्पा. आबाच आले.

उद्धव: आबा, एक विचाराचं होतं. पोरगी तायवानले जातो म्हणते, शिकाले. पाठवू का?

शकुंतला: आता काय, हो म्हणतीनच ते.

उद्धव: तू बोलू नको. म्या आबाइले विचारलं… आबा?

सुचिता: उद्धवा.

उद्धव: जी, आबा.

सुचिता: चिंचेपाशी बोअर मारला, तवा मले विचारलं होतं का?

उद्धव: नाई.

सुचिता: पाणी लागलं का?

उद्धव: लागलं. चांगलं लागलं.

सुचिता: मंग आताच काऊन विचारून राह्यला? या घरातला बाप आता तू हायेस. पाठव, नाईतं नको पाठवू. मले जेवू दे.

शकुंतला: अवं येडे, सरळ हो म्हणून टाकाचं होतं. हातातलं होतं तुह्या.

सुचिता: आबांच्या पाटावर बसून माझ्यासाठी मागू कसं, आई?

उद्धव: टोपी काढ.

सुचिता: आबांचं जेवण व्हायचंय अजून.

उद्धव: आबाइचं झालं. टोपी काढ अन् इकडं पाह्य. आता मी तुह्याशी बोलून राह्यलो. उद्या कळव त्याइले, येते म्हणून.

सुचिता: बाबा… अन् चुकलं तर?

उद्धव: चुकलं तं माहं चुकन. घे, वडा घे.