दिराचं जपानी वाकणं

आमच्या धाकट्या दिराचं तुम्हाला सांगितलं का? कंपनीनं त्याला जपानला काय पाठवलं, परत आला तो वक्ता होऊनच. सासूबाई भडगावला माझ्याजवळ राहतात. लेक परत आल्याचं कळल्यापासून रोज दाराकडे डोळे लावून बसायच्या. याला आईला भेटायला सवड नाही, पण अमळनेरला जपानवर भाषण द्यायला आहे. म्हटलं, चला सासूबाई, तिथंच गाठू. एसटीनं नेलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

हा सांगत होता, "जपानी माणूस थोरांपुढे जितका खाली वाकतो, तितका त्याचा आदर मोठा." आणि कमरेत वाकून दाखवलं, अगदी आमच्या पुढ्यात. आई दिसलीसुद्धा नाही त्याला.

सासूबाई बसल्या जागेवरून अहिराणीत म्हणाल्या, "इतला वाकनाच शेस, ते पायबी पडी ले, भाऊ."

सगळा हॉल हसला. मग काय करतो, खाली उतरला आणि पाया पडला.

दुसऱ्या दिवशी पाया पडतानाचा फोटो त्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे मला जपाननं शिकवलं."

भडगावची एसटी मात्र त्याला अजून सापडलेली नाही.