पोटातला पहारेकरी

पुन्हा मीच सांगू? परवा सांगितलं, काल सांगितलं, आता तुम्ही नवे आलात म्हणून आणखी एकदा? ऐका मग! तुम्हाला सांगतो, आमच्या अबा शहराच्या बाजारात तेवीस वर्षं कापडाच्या वखारीवर पहारा केला मी, शाळा नाही शिकलो, पण संशय घ्यायला शिकलो. तर नातू झाला, ओलिसा, आणि आमच्या चालीप्रमाणे सुनेची आई आली बाळंतपण करायला. ओयिदिया. तीन महिने झाले, जायचं नाव नाही! आणि पाजते कशी? आईचं दूध पोटभर झालं की वर मक्याची पेज, ओंजळ तोंडाला लावून, घटाघटा... म्हटलं, "विहीणबाई, पिंप आहे का ते?" तर म्हणते, "व्याहीबुवा, तुम्ही फाटक सांभाळा!" पोर ओकलं. कुठे? माझ्या पाठीवर! मग माणसाला संशय येणार नाही?

विहीणबाई गेली औषधवाल्याकडे. पोर न बघताच तो म्हणतो, "छातीत जळतंय त्याच्या, हे पाजा, पोटातलं आम्ल बंद!" अहो, आम्ल माझ्याही पोटात आहे, मी ओकतो का कुणाच्या पाठीवर? औषध चालू, पेज चालू, ओकणंही चालू! आणि आठवड्याने जुलाब लागले. चोर कोण? मी! ओयिदिया अख्ख्या अंगणाला ऐकवते, "म्हाताऱ्याने तपकिरीचं बोट चाटवलं!" आणि सून, माझी एबेले, खाली बघत म्हणते, "बाबा, थोडे दिवस नका घेऊ त्याला." तुम्हाला सांगतो, चार दिवस दारात बसून नातवाचं रडणं ऐकलं मी, हात नुसते मांडीवर... मग माणसाला संशय येणार नाही?

पाचव्या दिवशी फाटकात आडवा उभा राहिलो. पोराला दवाखान्यात न्या, नाहीतर कुणीच बाहेर जाणार नाही! तिथे नर्सने त्याला काट्यावर ठेवलं, डॉक्टरीणबाईंनी तपासलं, जुलाबावर मीठ-साखरेच्या पुड्या दिल्या आणि औषधाची ती बाटली काढून घेतली. म्हणाल्या, "आजी, वजन छान वाढलंय. ओकत होता तो पोट ठासून भरल्यामुळे. पोटातलं आम्ल जंतूंना अडवतं. या औषधाने पहारेकऱ्यालाच झोपवलंत, मग शिरले असतील आत!"

पहारेकरी! ऐकलंत? ओयिदिया छताकडे बघत होती.

"पेज बंद. दूध पाजलं की अर्धा तास उभा धरायचा. कोण धरेल?" माझा हात आधीच वर!

आता पोर ठणठणीत. अजून ओकतं थोडं, बसायला लागलं की थांबेल म्हणे. आणि विहीणबाई? गावी जाताना मला नवा सदरा देऊन गेली. का? कशाबद्दल? तोंडातून एक शब्द नाही! मग माणसाला संशय येणार नाही? सदरा वापरतोय, ओलिसा रोज त्याच्यावरच ओकतो... पण माफी राहिलीय ती राहिलीयच. कुणी मागायची म्हणून काय विचारता? ओयिदियाने!