सखूचा पदर आणि माझी कवळी

चहा पाजून दरवेळी हेच वदवून घेता राव. ऐका, पण मधी बोलू नका.

भाताची लावणी करून करून आमच्या सखूचा अंगठा गुळगुळीत झालाय, मशीनवर उमटत न्हाई. म्हणून रेशनवाल्या सोपाननं तिच्या तोंडापुढं मोबाईल धरला.

“आजी, पदर काढा आन डोळं मिचकवा. न्हाईतर नाव कटंल.”

समोरचं दात पडल्यापासनं ही नाकापर्यंत पदर धरून असती, घरात माझ्यापुढंसुद्धा. मोबाईल तिला वळखंना.

सोपान म्हणला, “आबा, दुसऱ्याची म्हातारी आणली का काय?”

समदं दुकान हसलं. सखूच्या डोळ्यांत पाणी आलं.

“माझीच हाय. नुसती खोकली तरी वळखतो मी,” म्हणलं, आन भर दुकानात माझी कवळी काढून तिच्या हातात ठेवली. “धर. आता दोघं सारखं.”

कवळी धरताना तिचा पदर सुटला. माझं बोळकं बघून ती अशी हसली का डोळंच मिटलं. मोबाईलला ते मिचकावणं वाटलं. नाव कार्डावर टिकलं.

आता ती घरात मोकळ्या तोंडानं हसती. पण माझ्या बायकोला दुसऱ्याची म्हणला, त्याची अजून माफी मागितली न्हाई, त्या सोपान्यानं.